साडूंचा कर्णा आणि त्याच्या चतुःसीमा

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत मिळून तंतोतंत खरे बोलणारा इसम एकच आहे, आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आलेला आहे. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करीत आहे. महाडच्या कचेरीसमोर, पिंपळाच्या पाराला टेबल लावून, गेली सव्वीस वर्षे मी लोकांचे अर्ज, जबाब आणि प्रतिज्ञापत्रे लिहीत आलो. शिक्षण माझे नववीपर्यंतच होऊ शकले. परंतु माणूस खऱ्यात किती पाणी घालून तो जिन्नस कागदावर ओततो, याचा अंदाज मला जितका आहे तितका भल्याभल्या पदवीधरांना नसावा. अशा माझ्यासारख्या अनुभवी माणसाला साडूंच्या खऱ्यात आजवर पाण्याचा एक थेंब सापडलेला नाही. त्यामुळे घरगुती व्यवहारात त्यांचा फार त्रास होतो. जेवायला बसले आणि यजमानीणबाईंनी "आमटी कशी झालीय?" असे विचारले, की आम्ही घाईघाईने पावसापाण्याचा विषय काढतो.

साडू मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क होते. जहाजातून उतरणारे प्रत्येक पोते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे आणि मगच कागदावर रेघ मारायची, हे काम त्यांनी उभी हयात केले. निवृत्त होऊन ते पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या आपल्या वाडीत परत आले, तेव्हा तिथे जहाज येण्याचा संभव नसल्यामुळे त्यांनी पाखरे मोजायला घेतली. त्यांची पत्नी, म्हणजे माझ्या कुटुंबाची थोरली बहीण, जिला आम्ही सारे अक्का म्हणतो, ती म्हणते, "गोदी सुटली, पन मोजनी काय सुटली नाय. मेलं एक कोंबडं घरात आनलं तरी इचारतात, कोनी बघितलं आनताना?"

आता मुख्य मुद्दा असा, की मुंबईत पक्षी पाहणाऱ्या हौशी मंडळींचा एक गट आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी मुंबईच्या आसपास, पार आमच्या घाटापर्यंत, जी दुर्मिळ पाखरे दिसतात त्यांची यादी ही मंडळी दरसाल काढतात: पक्षी कोणता, ठिकाण कोणते आणि पाहिला कोणी. त्या यादीत आपल्या पाखराची एक ओळ लागावी, एवढीच साडूंची या जगाकडून अपेक्षा उरली होती. मुलगा परदेशी गेला, नात इंग्रजीतून कविता म्हणू लागली, याचे त्यांना कौतुक होते. पण ते तोंडी कौतुक. ओळ ती ओळ.

या एका ओळीपायी वैशाखातल्या एकाही लग्नाला साडू सरळपणे हजर राहिलेले नाहीत. माझ्या थोरल्या मुलीचे लग्न दासगावला, सावित्रीच्या काठी होते. अंतरपाट धरलेला, गुरुजी तिसऱ्या मंगलाष्टकात, सर्वांच्या मुठीत अक्षता, आणि साडू एकदम हात वर करून म्हणाले, "गुरुजी, जरा थांबा. समुद्रगरुड!" गुरुजी थांबले. इतकेच नव्हे तर त्यांनीही मान वर केली. खाडीवरून एक मोठा पांढरा पक्षी संथपणे आमच्या मांडवावरून गेला, आणि तो दिसेनासा होईपर्यंत दोनशे माणसे तोंड उघडे टाकून उभी होती. त्या लग्नाच्या चित्रफितीत वधूवरांखेरीज सर्वांचे गळे दिसतात. व्याही माझ्यावर वर्षभर नाराज होते. साडूंनी मात्र त्याच पंगतीत व्याह्यांकडून, 'मी हा पक्षी पाहिला,' असे लिहून त्यावर सही घेतली.

कारण साडू कॅमेरा वापरीत नाहीत. "यंत्रानं बघितलं ते यंत्राला ठाऊक, साडू. माणसानं काय बघितलं ते सांगा," असे त्यांचे म्हणणे. त्याऐवजी ते पाखराचा पंचनामा करतात. रानात पक्षी आढळला की वाटेवरचा पहिला माणूस धरायचा, त्याला पक्षी दाखवायचा आणि जबाब घ्यायचा. त्यातला त्यांचा एक कडक नियम असा, की आपण आधी काही बोलायचे नाही. "साक्षीदाराला पढवायचं नाही," ते मला बजावून सांगत. याच वैशाखाच्या सुरुवातीला त्यांनी करवंदांची पाटी घेऊन चाललेल्या एका बाईला घाटात थांबवले.

"बाय गो, त्या बाजूला आवाज येतोय, तिथं काय दिसतं?"

"पाखरू हाय. दुसरं काय असनार, वाघ?"

"रंग सांग."

"एक हाय काय रंग? वर हिरवं, बाजूला निळं, बुडाखाली लाल. डोळ्यांत काजळ घातलंय. नवरी हाय जनू!" मग तिने साडूंना खालून वर न्याहाळले. "तात्यानू, तुमी सोताच बघा की. मला उशीर होतो."

साडू शाईची डबी घरी विसरले होते, म्हणून बाईचा अंगठा करवंदाच्या रसात बुडवून घेतला. तो नवरंग पक्ष्याचा जबाब माझ्या संग्रही आहे. यंदा साडूंचे अक्षर ओळी सोडून भलतीकडे चालू लागले होते. त्याचे खापर मी एसटीच्या हादऱ्यांवर फोडले.

हे जबाब माझ्या टेबलावर येत आणि मी त्यांचा रीतसर अर्ज करीत असे. जमिनीच्या कागदात जशा चारी बाजूंच्या हद्दी लिहितात, तशा चतुःसीमा मी पाखरालाही लावल्या: पूर्वेस चोच, पश्चिमेस शेपूट, वर मोकळे आकाश, खाली उंबराची फांदी. या पद्धतीचा शोध माझा स्वतःचा आहे. मुंबईच्या मंडळींना ती कितपत कळली हे सांगता येत नाही, कारण त्यांचे उत्तर दरवेळी फोनवर एकाच वाक्यात येई: "काका, फोटो आहे का?"

गेल्या साली मात्र प्रकरण गंभीर झाले. साडूंना आंबेनळी घाटाच्या खालच्या देवराईत कर्णा दिसला. हा दक्षिणेकडच्या दाट रानातला पक्षी आमच्या बाजूला क्वचितच आढळतो. नेमका त्या दिवशी वाटेवर एकही माणूस नव्हता. एकट्या साडूंच्या शब्दावर अर्ज गेला आणि 'खात्री न पटल्याने नोंद घेता येत नाही' असे उत्तर आले. चाळीस वर्षांत ज्यांच्या एका रेघेवर कोणी शंका घेतली नव्हती, त्या माणसाला हे वाक्य दोन दिवस गिळता आले नाही. अक्काने तिसऱ्या दिवशी भाताचे मुटके करून भरवले.

यंदा मंडळींनी थोडी सवलत दिली: फोटो नसेल तर एका जबाबदार साक्षीदाराचे सहीनिशी लेखी वर्णन चालेल. साडू तडक महाडला आले. "साडू, यंदा पंच तुम्ही."

मी नम्रपणे नकार दिला. ज्याने कागद लिहिला त्याने त्याच कागदावर साक्ष द्यायची नाही, हे माझे व्रत आहे. माझी सही नेहमी 'लेखक' या शब्दाखाली असते. उद्या लिहिणाराच पाहणारा झाला तर पिंपळाखाली विश्वास कोणावर ठेवायचा? साडूंना हे पटले, कारण ते तत्त्व होते. ते उठून चालू लागले. पण संध्याकाळी अक्काचा फोन आला. "जावा हो त्यांच्यासंगती. तुमचं तत्त्व घरी ठेवा चार तास. त्यांना यकटं सोडू नका रानात." तिच्या आवाजात काहीतरी होते; दुसऱ्या दिवशी मी पहिल्या एसटीने निघालो.

घाटात उतरून आम्ही देवराईत शिरलो. साडू प्रत्येक झाडाला हात लावीत चालले होते. मला तो भक्तिभाव वाटला. एका दगडावर बसून त्यांनी मान तिरकी केली आणि बराच वेळ कानोसा घेतला. मग कुजबुजले, "आला. मांजर घशात घुरघुरतं तसं ऐकू येतंय ना? समोर बेहडा आहे, त्याच्या खालच्या फांदीवर बघा. बोला."

मला प्रथम काहीच दिसले नाही. मग दिसला. आमच्याकडे पाठ करून, दुपारी अडीचच्या सुमारास खिडकीतला कारकून बसतो तसा निश्चल.

"पाठ खाकी," मी सांगितले. "डोके काळे. शेपूट लांब, खाली सरळ कापलेली."

"छाती?"

"वळत नाही."

"थांबू."

आम्ही थांबलो. माझ्या पायाला मुंग्या आल्या, एक मुंगळा सावकाश शोध घेऊन निघून गेला, आणि तेव्हा कुठे त्या गृहस्थाने तोंड फिरवले. मी वर्णन करण्याचा व्यवसाय करतो, पण इथे माझ्या चतुःसीमा पुरेनात. पोट असे तांबडे, की मोहरेसाठी नुकतीच वितळवलेली लाख. आणि काळ्या गळ्याखाली पांढरी रेघ, कोऱ्या कागदाला समास आखावा तशी नेमकी. मी ते सर्व सांगितले. साडूंच्या तोंडावर हसू पसरत गेले.

एवढ्यात पक्षी उडाला आणि थेट आमच्या डाव्या हाताला, दहा पावलांवर येऊन बसला. इतक्या जवळ, की त्याच्या डोळ्याभोवतीची निळी कड मला मोजता आली असती. साडू अजून त्या रिकाम्या बेहड्याकडेच पाहत होते.

"आता काय करतोय, साडू?" त्यांनी विचारले.

करवंदवाल्या बाईला विचारलेला रंग, ओळी सोडून चाललेले अक्षर, झाडांना लावलेले हात, सगळे एकदम माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"केव्हापासून?" मी म्हणालो.

ते बेहड्याकडे तोंड ठेवूनच बोलले. "उजवा दोन वर्षांपूर्वीच गेला. डावा दिवाळीपासून. मोतीबिंदू असता तर काढला असता. मागची शिरच सुकलीय म्हणतात. उजेड कळतो, सावली कळते."

"अक्काला माहीत आहे?"

"तिला कळलंय. मी सांगितलेलं नाही, तेव्हा ते अधिकृत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "गेल्या साली मात्र मी बघितला होता, साडू. स्वतः. एका डोळ्यानं का होईना. बघितलेला शेवटचा नवा पक्षी तोच. आणि त्याचीच खात्री पटली नाही बघा त्यांना."

दुपारी पिंपळाखाली मी अर्ज लिहायला घेतला. साडूंच्या नावाने 'मी स्वतः पाहिला' असे लिहून मोकळे होऊ, एवढे अर्जात चालते, असे मी सुचवले. साडू उखडले. "तुमच्या अर्जात चालत असेल. माझ्या पाखरात नाही चालत. ऐकला लिहा." सबब मी लिहिले: 'अर्जदाराने ऐकला व जागा दाखवली, खाली सही करणाराने पाहिला.' खाली सही करताना सव्वीस वर्षांच्या सवयीने हात 'लेखक' असे लिहून गेला. मी तो शब्द खोडला, वर 'साक्षीदार' लिहिले आणि खाडाखोडीवर आद्याक्षरे केली. माझ्या कारकिर्दीतला खाडाखोड असलेला तो एकमेव कागद.

महिनाअखेर यादी मोबाईलवर आली. कर्णा लागला होता, ठिकाणही लागले होते. 'पाहणारा' या रकान्यात मात्र माझे नाव होते. साडूंचे नाव कुठेच नव्हते. मी तडक स्वतःच्या नावाविरुद्ध हरकत अर्ज लिहायला बसलो. स्वतःसाठी लिहिलेला माझा पहिलाच अर्ज. साडू समोर चहा घेऊन बसले होते. त्यांनी अंदाजाने हात पुढे करून माझे पेन धरले.

"कशाला? खरंच आहे ते. तुम्हीच पाहिलात. ओळ लागली ना? परत वाचा."

मी वाचली. त्यांनी तीन वेळा वाचून घेतली. अक्कालाही फोनवर ऐकवली, आणि मग एक गोष्ट तिला अधिकृतपणे सांगितली. पलीकडून अक्का म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. आता तरी कपबशी हातात आनून देईन."

आता दर मंगळवारी साडू महाडला येऊन माझ्या टेबलाशी बसतात. परवा पक्षकार नव्हता, ऊन मी म्हणत होते. कचेरीच्या पत्र्यावर काहीतरी खरखरले.

"साडू, वर काय आहे?"

"काही नाही. साळुंकी."

"रंग सांगा."

जन्मभर माझ्या डोक्यावर बसलेली साळुंकी, तिचा काय रंग सांगायचा, असे ओठांवर आले होते. पण मी चष्मा पुसला आणि नीट पाहिले. "अंग तपकिरी," मी सुरुवात केली, "डोके काळे. डोळ्यामागे पिवळी हळद लावल्यासारखी. पूर्वेस चोच, तीही पिवळी. पश्चिमेस शेपूट. खाली तापलेला पत्रा, म्हणून एकेक पाय उचलतेय. वर..."

साडू मान तिरकी करून ऐकत होते. त्यांचा चहा निवून गेला.