खालच्या काठीजवळ

नदीत रोवलेल्या दोन काठ्यांपैकी खालच्या काठीजवळ बाई पाण्यात उभ्या होत्या. साडी खोचलेली, हातात घड्याळ. मी वरच्या काठीपासून संत्रं सोडलं आणि विचारलं, "गार लागतंय काय?"

"आधी मोजा, मग बोला!"

दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम.

बाई म्हणजे माझी बायको. हायस्कुलात भूगोल शिकवायची. अख्खी गल्ली बाई म्हणायची, मग मीबी. मी चौथी नापास, जीपवाला. कुणी विचारलं, जमलं कसं, तर बाई म्हणायच्या, "त्यांना रस्ते ठाऊक, मला नकाशा. भांडत भांडत गाव सापडतंय की!"

दरवर्षी नववीच्या पोरींना घेऊन त्या नदी मोजायच्या. किती रुंद, किती खोल, पाणी किती जोरात पळतंय. वरच्या काठीपासून सोडलेलं संत्रं खालच्या काठीला कधी पोचतं, त्यावरून वेग काढायचा. "संत्रंच का?" असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "बुडत न्हाई, आणि काम झाल्यावर खाता येतं."

आदल्या दिवशी सगळं आम्ही दोघांनी करून बघायचं, हा त्यांचा नेम. आणि परतताना वरच्या बंधाऱ्यावर जायचं. तुम्ही पाहिला असेल असला बंधारा. लाकडी फळ्या घालून पाणी अडवतात, त्यांना आम्ही बरगे म्हणतो. बरगे काढले की खाली बघता बघता पाणी चढतं. तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय बाई पोरींना पाण्यात उतरवत नव्हत्या.

त्या संध्याकाळी पाण्यातून बाहेर येताना बाईंनी छाती धरली. तोंड पांढरं फटक. मी जीप सरळ दवाखान्याकडं वळवली.

"अहो, बंधारा राहिला."

"राहू दे."

"पोरी सकाळी पाण्यात उतरतील."

"बाई, गप बसा की जरा!"

त्या गप बसल्या. एवढ्या संसारात माझं पहिल्यांदा ऐकलं. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

दवाखान्यात नळ्या लावल्यावर एकच शब्द बोलल्या, "बंधारा." पहाटेला गेल्या.

उजाडताना त्यांना घरी आणलं. माणसं जमली. शाळेतल्या नव्या मॅडम पोरींना घेऊन एसटीनं थेट नदीवर जाणार होत्या, बंधाऱ्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांचा नंबर बाईंच्या फोनात, आणि फोन मला उघडता येईना. मी किल्ली घेतली.

मेव्हणा आडवा आला. "दाजी, बाहेर कुठं? अक्काला न्यायची वेळ झाली."

"बंधाऱ्यावर."

"डोकं फिरलंय काय तुमचं?"

"व्हय. बाजूला हो."

बंधाऱ्यावरच्या माणसानं बरगा उपसायला लोखंडी आकडा लावलेला होता. मी जीपमधूनच ओरडलो, "पावणं, थांबा! खाली पोरी हायत पाण्यात!"

त्यानं आकडा सोडला. "बाई न्हाई आल्या विचारायला? मला वाटलं, यंदा पोरी न्हाईत."

"मी आलोय न्हवं?"

"बरं. पोरी बाहेर निघाल्या की सांगा. मग काढतो."

नदीवर पोचलो तर पोरी घोट्याभर पाण्यात. वरच्या काठीला एक पोरगी संत्रं घेऊन उभी, खालच्या काठीला कोणीच नाही. ती जागा त्यांनी बाईंसाठी ठेवली होती.

"काका, बाई कुठायत?"

मी विजार वर सारली, पाण्यात उतरलो आणि खालच्या काठीजवळ उभा राहिलो.

"आधी मोजा," म्हटलं, "मग बोला."

तिनं संत्रं सोडलं.