दोन पलंगांमधली जागा

मी इंजिनिअर झालो तो विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या चौकीदारकाकांमुळे. पहिल्या वर्षी वसतिगृहाच्या यादीत माझं नाव लागलं नाही, म्हणून तिथेच राहणाऱ्या बाळापूरच्या मित्राच्या खोलीत, दोन पलंगांच्या मधे गादी टाकून मी वर्ष काढलं. ते नियमात बसत नव्हतं. सकाळी रेक्टर फेरीला निघाले की काका जिन्यातच किल्ल्यांचा जुडगा कठड्यावर आपटायचे आणि उगाच कुणावर तरी ओरडायचे, "काहून बे, नळ चालू सोडला?" तेवढ्यात मी गादी गुंडाळून गच्चीवर पळायचो.

आता त्याच वसतिगृहाच्या नूतनीकरणाचं काम माझ्याकडे आहे. अकोल्याहून अमरावतीला जाऊन-येऊन मी थकलोय, नकाशा तीनदा बदलून झालाय. गेल्या आठवड्यात नमुन्याची एक खोली तयार झाली. काका गुडघे धरत दोन मजले चढून आले. फरशी, पंखे, नवे पलंग नुसते नजरेखालून घातले. बाहेर पडलेली एक जुनी गादी उचलून त्यांनी दोन पलंगांमधे टाकली. तिथे मी भिंतीला पक्कं टेबल बसवलं होतं. त्याच्या पायांना अडून गादी दुमडली.

"मावून नाही राहिली, सायेब," एवढंच म्हणून ते खाली गेले. इतकी वर्षं मला 'पोट्ट्या' म्हणणारा माणूस पहिल्यांदाच सायेब म्हणाला.

फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र पाठवलं: "काका, नकाशा चौथ्यांदा बदलला. टेबलं खिडकीखाली घेतली. मधे गादीपुरती जागा सुटली आहे. किल्ल्या मात्र तुम्हीच वाजवा. तुमचा पोट्ट्या."