भगरीनंतर माझी ज्वारी

मी शिवणकाम करते. औरंगपुऱ्यात एका गल्लीत पहिल्या मजल्यावर माझी मशीन आहे. बायकांचे ब्लाउज, शाळेचे ड्रेस, असलंच काम. वीस वर्षांच्या वर गळ्यात टेप अडकवून बसलेय आणि माझं माप चुकत नाही, हे मी सांगायची गरज नाही, गिऱ्हाईकच एकमेकींना सांगतात. म्हणून पोरगी वाढत नाही हे मला कळायला डॉक्टर लागला नाही. तिचा शाळेचा स्कर्ट शिवताना मी खाली चार बोटं कापड दुमडून ठेवलं होतं. दर जूनमध्ये शिवण उसवायची, बोटभर खाली सोडायचं आणि परत टीप मारायची. ती सहावीत गेली त्या जूनमध्ये मी स्कर्ट तिला घालून बघितला आणि हातातली कात्री खाली ठेवली. शिवण उसवायची गरजच नव्हती, स्कर्ट गेल्या जूनएवढाच खाली येत होता. सातवीच्या जूनमध्येही तेच झालं.

पोट मात्र फुगलेलं, हातपाय काटक्या. जेवण झालं की पोट धरून पळायची. आल्या-गेल्याला सल्ला द्यायला काय जातंय? कुणी म्हणे जंत असतील, कुणी म्हणे नजर लागली. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "खातीया तर लई, पण अंगाला लागंना." मग मी तिच्या अंगाला लागावं म्हणून जिवाचं रान केलं. तीन-तीन दिवस गहू भिजवायचे, वाटायचे, पिळून त्याचं सत्त्व काढायचं आणि तूप-गूळ घालून शिजवून तिला रोज सकाळी वाटीभर द्यायचं. आमच्याकडं बाळंतिणीला, आजारी माणसाला हेच देतात. ती नको नको म्हणायची आणि मी नाक दाबून चारायची. आज आठवलं की माझा मलाच संताप येतो.

पोरीचं एक वेड होतं, पोलिसात जायचं. चौथीत असताना चौकात एक ट्रॅफिकवाली बाई तिनं बघितली होती. त्या बाईनं नुसता हात वर केला आणि एवढी मोठी एसटी थांबली. तेव्हापासून हिचं ठरलं. आमच्या कॉलनीमागच्या मैदानावर भरतीच्या पोरी पहाटे पळायच्या, त्यांना विचारून आली होती की आधी उंची बघतात. उंचीत बसलं नाही तर पळूसुद्धा देत नाहीत. सातवीतली पोरगी दर महिन्याला माझ्यापुढं भिंतीला टेकून उभी राहायची आणि म्हणायची, "आई, टेप लाव."

आठवीत एका डॉक्टरबाईंकडं नेलं. त्यांनी रक्त तपासलं, पोटात दुर्बीण घातली आणि सांगितलं की हिच्या आतड्याला गहू चालत नाही. थोडासुद्धा नाही आणि जन्मभर नाही. पोळी, रवा, मैदा, शेवया, बिस्कीट सगळं बंद. आतडं आतून सोलवटलंय म्हणून सध्या दूधही बंद. मला ते गव्हाचं सत्त्व आठवलं आणि मी पदर तोंडाला लावून बसले. मग बाईंनी विचारलं, "अंडी खाता का?" म्हटलं, आमचं घर माळकरी. हिच्याही गळ्यात माळ आहे, आजोबांनी लहानपणीच घातली. "कांदा-लसूण?" तेही नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, मग राहिलं काय?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "राहिलं ते मी बघते."

आणि बघितलं मी. खोटं कशाला बोलू, पहिले काही महिने तर मला बरंच वाटलं होतं. आम्ही मूळची भाकरीचीच माणसं, पोळी ही शहरात आल्यावर लागलेली सवय. सोयगावहून आईकडची दादर ज्वारी मागवली. घट्ट वरण, मोड आलेली मटकी, शेवग्याचा पाला, तिळाची, जवसाची, कारळाची चटणी, शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू. ज्वारीच्या पिठात हरभऱ्याचं पीठ मिसळून थालीपीठ लावायचं. दुधाच्या बदल्यात तीळ, अंड्याच्या बदल्यात डाळ, असं माझं मनातल्या मनात चाललेलं असायचं. मशीनवर बसले तरी डोक्यात तेच, की आज हिच्या पोटात काय गेलं आणि काय राहिलं.

घरातला गहू संपवला, डबे धुतले, पोळपाट नवीन आणला. तेव्हा लक्षात आलं की पीठ तर गिरणीवरून येतं. गिरणीत माझ्याआधी कुणी गहू दळला असेल तर जात्यात राहिलेलं त्याचं पीठ माझ्या ज्वारीत येणार. ते पांढऱ्यात पांढरं, दिसणार कसं? मी गिरणीवाल्याला म्हटलं, "भाऊ, माझं दळण टाकायच्या आधी जातं साफ करा." तो हसला. "ताई, दोन किलो ज्वारीसाठी गिरणी खोलून बसू का? ज्वारीवर ज्वारी टाकतो की." ज्वारीवर ज्वारी म्हणजे आधीच्या बाईची ज्वारी. पण तिच्याआधी काय होतं, ते कुणाला ठाऊक?

त्याच गिरणीवर एकादशीच्या आदल्या दिवशी मात्र दुपारी पाटी लागायची, 'उपवासाचं दळण'. त्या दिवशी हाच भाऊ गिरणी खोलायचा, दगड ब्रशनं घासायचा, दगडाभोवतीच्या पाळीतलं जुनं पीठ काढायचा, पहिली ओंजळभर भगर दळून फेकून द्यायचा आणि मग लोकांची भगर, राजगिरा, साबुदाणा घ्यायचा. गव्हाचा कण लागला तर उपवास मोडतो ना. मी त्याच्यापुढं उभी राहिले आणि तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, "लोकांचा उपवास मोडू नये म्हणून तू गिरणी धुतो. माझ्या पोरीचं आतडं मोडतंय, त्याला काय किंमत नाय का?" रांगेतल्या बाया बघत राहिल्या. तो बिचारा वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "ताई, उपवासाच्या दळणात ज्वारी टाकली तर या बाया मलाच दळतील. असं करा, भगर संपली की पहिली ज्वारी तुमची. दुसऱ्या कुणाचं त्याच्यात येऊ देणार नाही."

झालं. महिन्यातून दोनदा, एकादशीच्या आदल्या दिवशी, भगरीनंतर माझी ज्वारी. डबा घेऊन मी तासभर तिथं उभी राहायची, डोळ्यांसमोर दळून घ्यायची आणि गरम डबा पोटाशी धरून घरी यायची. आता जिंकले, असं वाटायचं.

सहा महिन्यांत पोरीच्या गालावर मांस आलं. दीड बोट उंच झाली. तिनंच स्कर्ट माझ्यापुढं टाकला, "आई, उसव." त्या दिवशी मी मशीनवर बसून रडले, आनंदानं.

मग ती थांबली. परत पोट फुगायला लागलं, परत तोंड पिवळट. रक्त तपासलं तर डॉक्टरबाई म्हणाल्या की गहू कुठून तरी पोटात जातोय. रोज जातोय. घरी तर कण नाही, मग कुठून जाणार? बाहेरूनच. म्हणजे शाळेत. म्हणजे हीच चोरून खातेय. मला दुसरं काही सुचलंच नाही. तिच्या मैत्रिणींना विचारलं, शाळेत बाईंना भेटले, रोज दप्तर झाडायला लागले. एक दिवस दप्तरात बिस्किटाचा कागद सापडला आणि मी तिला मारलं. चांगलं दोन-तीनदा मारलं. ती म्हणाली, "शेजारच्या मुलीनं खाल्लं, तिनं टाकला कागद. मी नाही खाल्लं." मी ऐकेना, तेव्हा तिनं गळ्यातली माळ मुठीत धरली. "आई, माळेची शपथ."

मी म्हणाले, "खोट्यासाठी माळ नको धरू."

पोरगी चौदा वर्षांची होती. त्यानंतर तिनं कुणाच्याही घरी पाणी सोडून काही घेतलं नाही. लग्नात, बारशाला, सगळीकडं स्वतःचा डबा घेऊन जायची आणि लोकांकडं पाठ करून खायची. मला दाखवायला, की बघ, मी खात नाही. आणि तरी रक्तात तेच यायचं. मी तिच्याकडं संशयानं बघायची आणि ती खाली मान घालून वरण-भाकरी चुरून खायची. दीड-दोन वर्षं असं चाललं. तिची वाढायची जी काय वर्षं असतात, ती हीच.

ती दहावीत गेली तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता असं करा, तुमच्या भांड्यात जे जे पडतं, ते सगळं मला आणून दाखवा. मीठसुद्धा." मी पिशवी भरून नेली. मनात म्हटलं, बघा बाई, तुम्हालाही कळू द्या की माझ्या घरात खोट नाही. टेबलावर एकेक मांडलं. पीठ, डाळी, तिखट, हळद, गूळ, तेल. पोरगी शेजारच्या खुर्चीवर. बाईंनी एकेक उचलून बघितलं आणि बाजूला ठेवलं. शेवटी हिंगाची डबी उचलली. अक्षरं इतकी बारीक की त्यांनी मोबाईलनं फोटो काढून मोठा केला. मग फोन माझ्यापुढं धरला. हिंगाला घट्टपणा यावा म्हणून त्यात गव्हाचं पीठ घातलेलं होतं. तसं छापलंच होतं डबीवर.

कांदा-लसूण न खाणाऱ्या घरात हिंगावर केवढा भार असतो, ते त्या घरातल्या बाईलाच माहीत. वरणात हिंग, मटकीत हिंग, थालिपिठात हिंग, लोणच्यात हिंग. आणि माझा हात सढळ. पोरीचं पोट दुखतंय, वायू धरलाय म्हटलं की मी आणखी चिमूटभर टाकायची. पाण्यात कालवून बेंबीला लावायची आणि वर चमचाभर पाजायची.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "सगळं याच्यामुळेच असं मी म्हणणार नाही. पण रोज, दोन्ही वेळा, एवढं पुरतं."

पोरीनं डबीकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता ही बोलेल, सगळ्यांसमोर काढेल ते मारणं, ती माळ. काढलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती टेबलावरचे डबे एकेक करून पिशवीत भरायला लागली. हिंगाची डबी तेवढी तिथंच राहू दिली.

मनगटाचा एक्स-रे काढायला लावला. हाडांची टोकं जुळत आलीत, आता उंची फार वाढायची नाही, असं बाईंनी तिलाच सांगितलं, माझ्याकडं न बघता. रिक्षात आम्ही दोघी शेजारी बसलो होतो. माफ कर म्हणायला पाहिजे होतं. मी म्हणाले, "उद्यापासून हिंग बंद." ती म्हणाली, "बरं."

घरी सांगितलं तर सासूबाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "आपल्याला काय ठाव गं. आपण तर चांगलंच चारत होतो." त्यांचं म्हणणं खरं आहे आणि मला ते ऐकवत नाही.

वर्षभरात रक्त साफ झालं. आता तिला बघितलं तर कुणी म्हणणार नाही की ही आजारी होती. दंड भरलेत, केस दाट आहेत, पळायला लागली तर मैदानावरच्या मुलींना मागं टाकते. दूधही पचतं. पोसली आहे चांगली. पोसायचं होतं तेव्हा सोडून बाकी सगळं झालं. ती पहाटे मैदानावर जायची आणि आल्यावर दाराच्या चौकटीला लावलेल्या पाइपला लोंबकळायची. कुणीतरी सांगितलं होतं की त्यानं उंची वाढते. महिन्याच्या महिन्याला भिंतीला टेकून म्हणायची, "टेप लाव." तिची टाच हळूच वर उचललेली असायची. मला ती दिसायची. मी वरची खूण बघायची आणि टाच उचलून जेवढं येईल तेवढंच माप सांगायची. एवढ्या वर्षांत मी खोटं माप कुणाला सांगितलं असेल तर ते तिला.

बारावी होऊन यंदा ती भरतीला गेली. मी मैदानाच्या फाटकाबाहेर येते म्हटलं तर नको म्हणाली. पहाटे चारला डबा घेऊन निघाली. माझा जीव दिवसभर टांगणीला लागणार असं धरून मी दुकान बंद ठेवलं होतं. पण ती दहालाच परत आली. शूज दाराशी काढले, तेव्हा मी बघितलं, शूजच्या तळाला मातीसुद्धा लागलेली नव्हती. पळायची वेळच आली नव्हती.

मी विचारलं, "किती कमी पडली?"

"दोन सेंटिमीटर."

"नीट मोजलं का त्यांनी?" किती मूर्ख प्रश्न. तरी विचारला.

"पट्टी असते, आई. टाच टेकवून घेतात."

हातपाय धुऊन ती ताटावर बसली. डबा तसाच भरलेला होता, तो तिनं बाजूला ठेवला. मी गरम भाकरी वाढली, वरण वाढलं. तिनं भाकरी चुरली, वरण ओतलं, एक घास खाल्ला. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "चवच नाही याला. हिंग टाकत जा आता."

रागानं म्हणाली नाही. मीठ कमी आहे म्हणावं तशी म्हणाली. तो पिठाचा हिंग नाही चालायचा, जन्मभर नाही चालायचा, आतडं परत सोलवटेल, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही. मी तिच्यापुढं तिळाची चटणी सरकवली. ती पुढचा घास कालवत होती. परवा एकादशी. उद्या गिरणीवर भगरीनंतर माझी ज्वारी असते, म्हणून मी उठले आणि ज्वारी निवडायला घेतली.