मिशा बारीक करा

चौकातले सलूनवाले गिऱ्हाइकाशी बोलतात ते आरशातून. आयुष्य खुर्चीमागे उभं राहण्यात गेलं, त्यामुळे समोरासमोर बोलायची वेळ आली की त्यांची जीभ अडखळते. पन्नाशी उलटली आहे, गुडघे कुरकुरतात, बायको गेल्यापासून घरी फक्त झोपायला जातात. लहानथोर सगळे त्यांना काका म्हणतात. कुणाच्या भानगडीत पडायचं नाही, हा त्यांच्या धंद्याचा नियम. "कानावर पडलेलं केसांबरोबर झाडून टाकायचं," असं ते सांगतात. हा नियम त्यांनी एकदाच मोडला.

गल्लीच्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावर, त्यांचं एक जुनं गिऱ्हाईक राहतं. पूर्वी तो बस चालवायचा. मिशा अशा, की थांब्यावर आधी मिशा येतात आणि मागून बस, असं काका म्हणत. मग त्याला नसांचा आजार जडला. आधी हात गेले, मग पाय, मग जीभ. डोकं लख्ख राहिलं. हे बरं होणार नाही, असं डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. बायको पॅकिंगच्या कारखान्यात दोन-दोन पाळ्या करते. त्यामुळे त्याला भरवणं, कूस बदलणं, भांडं देणं, पुसून कोरडं करणं हे सगळं तेरा वर्षांच्या मुलीकडे आलं.

काका आठवड्यातून एकदा सकाळी दाढीला घरी जाऊ लागले. त्या खोलीत आरसा नव्हता. ड्रायव्हरच्या बोलण्यात शब्द उरले नव्हते, नुसते लांबलेले स्वर होते. ते मुलीला कळत.

"काय म्हणतात साहेब?" काका विचारत.

"मिशा बारीक करा म्हणतात."

"आमच्या दुभाषीबाई म्हणतायत म्हणजे करायलाच हव्यात."

पुढच्या आठवड्यात पुन्हा मिशा बारीक. त्याच्या पुढच्याही.

"अहो साहेब, आता उरलंय काय? पेन्सिलीची रेघ झाली," काका म्हणाले. ड्रायव्हर त्यांच्याकडे टक लावून बघत राहिला. काही दिवसांनी ती रेघही गेली.

मुलगी शाळेत जाईनाशी झाली होती. परीक्षेला बसली नाहीस तर वर्ष जाईल, असा वर्गशिक्षिकेचा निरोप आला. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "सकाळची मी बसते बाबांपाशी. तू जा." मुलगी नको म्हणाली. काकांनीही विचारून पाहिलं, "सकाळी दुकानात माशाच मारतो. त्या इथे बसून मारीन." त्यालाही नकार.

"तुम्हाला त्यांचं बोलणं कळत नाही," ती म्हणाली.

पोरीला शिंगं फुटली आहेत, असं मावशींनी गल्लीभर केलं.

एका सकाळी काका गालाला साबण लावत असताना औषधाची बाटली रिकामी असल्याचं मुलीच्या लक्षात आलं. दुकान कोपऱ्यावरच होतं. तरी ती दारात घुटमळली. "काका, ते काही म्हणाले तर हो म्हणू नका. काहीही म्हणाले तरी. मी आलेच."

ती जिना उतरली तसा ड्रायव्हर बोलू लागला. नेहमीचेच स्वर, फक्त सावकाश. त्याने वस्तऱ्याकडे पाहिलं, मग काकांकडे, आणि हनुवटी वर केली. गळ्याची दाढी करताना प्रत्येक गिऱ्हाईक हनुवटी वर करतं. पण गळ्याला अजून साबण लागला नव्हता. ड्रायव्हरने तेच पुन्हा म्हटलं. या वेळी काकांना त्या स्वरांतले दोन शब्द ओळखू आले. पहिला शब्द मिशा नव्हता.

मुलगी धापा टाकत परत आली तेव्हा वस्तरा मिटून खिडकीत ठेवलेला होता आणि बापाच्या गालावर साबण वाळला होता.

"काही म्हणाले?"

"म्हणाले."

"काय?"

"मिशांचं म्हणतात तेच."

ती भिंतीला टेकून खाली बसली. "तुम्ही हो नाही ना म्हणालात?"

"नाही."

"बाबा मावशींनाही हेच सांगतील. मावशी हळव्या आहेत." मग ती म्हणाली, "आईला सांगू नका."

ड्रायव्हरचे हात चालत नव्हते. तो दुसऱ्याचे हात मागत होता, आणि कुणीतरी देऊन बसेल या भीतीने पोर उंबऱ्यावर पहारा देत होती. मिशा तिला पहिल्या दिवशी सुचल्या, म्हणून पुढेही त्याच चालल्या.

संध्याकाळी पाळी बदलायच्या वेळी काका कारखान्याच्या फाटकाशी उभे राहिले. बोलायला आरसा नव्हता, म्हणून त्यांनी एकदम सांगून टाकलं, "वहिनी, ते मुलीकडे मरण मागतात."

ती दचकली नाही. "माझ्याकडेही मागतात."

"मग तुम्ही काय म्हणता?"

"कळलं नाही म्हणते." तिने डोक्यावरची कारखान्याची टोपी काढली, घडी घातली, पुन्हा उलगडली. "तिला कळतं?"

त्यानंतर डॉक्टरांना खरं सांगितलं गेलं. मनासाठी वेगळी गोळी सुरू झाली. मागणं कमी झालं, थांबलं नाही. मावशींनाही सगळं सांगितलं. त्या आधी रडल्या, मग म्हणाल्या, "हो म्हणायला मी काय खुळी आहे?" आता सकाळचा अर्धा वेळ त्या बसतात, अर्धा काका. मुलगी शाळेत जाते. वर्ष गेलं ते गेलंच. तिच्याहून लहान मुलं तिच्या बाकावर बसतात आणि तिला ताई म्हणतात.

मिशा काढायला आता कुणी सांगत नाही, म्हणून त्या परत आल्या आहेत. पांढऱ्या.

परवा ती दप्तर घेऊन घरात शिरली तेव्हा दाढी चालू होती. ड्रायव्हर काहीतरी लांबलचक बोलला.

"काय म्हणतात गं?" काकांनी सवयीने विचारलं.

"मला नका विचारू. त्यांनाच विचारा." ती आत हात धुवायला गेली.

काका कुरकुरत्या गुडघ्यांवर खाली बसले, चेहरा चेहऱ्यासमोर आणला आणि विचारलं. उत्तर तेच होतं.

"नाही साहेब," ते म्हणाले, आणि मिशांना कंगवा लावला.