खोट्या कांजिण्या

क्लचबाई हे नाव तिला तिच्याकडे गाडी शिकायला येणाऱ्यांनी ठेवलं आणि पुढे पोस्टमनपासून सासूपर्यंत सगळ्यांनी ते उचललं. दिवसभर ती ड्रायव्हिंग स्कूलच्या छोट्या गाडीत शिकाऊ माणसाशेजारी बसायची आणि "क्लच, अहो क्लच, तो ब्रेक आहे" असं ओरडायची. तिच्या पायाखाली एक जादा ब्रेक होता. दुसऱ्याच्या पायावर कधी भरवसा ठेवायचा नाही, हे तिचं तत्त्वज्ञान तिथूनच आलं होतं. नवराही तिचा जुना विद्यार्थी. परीक्षेत तो इतक्या वेळा नापास झाला, की शेवटी तिने त्याच्याशी लग्न केलं आणि किल्ल्या स्वतःकडे ठेवून घेतल्या. तो गाद्यांच्या कारखान्यात शिलाई तपासायचा, आणि स्वभावानेही गादीच होता. कितीही आपटा, आवाज नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी दुसरीत होती, तेव्हाची ही गोष्ट. मुलीच्या किडनीला गळती होती. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं, की किडनी म्हणजे चाळणी आणि हिच्या चाळणीची भोकं मोठी झाली आहेत. जे अंगात राहायला हवं ते लघवीतून निघून जातं आणि जे जायला हवं ते पाणी अंगात साठतं. दुखणं उलटलं की सकाळी डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन फटी दिसायच्या. औषधाने गळती थांबायची, पण गाल टम्म फुगायचे, भूक राक्षसासारखी लागायची आणि रोगांशी लढणारी अंगातली सगळी फौज झोपी जायची. इतर मुलं ज्या सर्दीला रुमाल दाखवून पुढे जातात, ती सर्दी हिला दवाखान्यात नेऊन झोपवायची. शाळेत कुणी चिडवायच्या आत मुलीनेच स्वतःला 'फुगी' म्हणायला सुरुवात केली. बापाला ते फार लागलं. आईला मात्र पोरीचा अभिमान वाटला. समोरचा हॉर्न वाजवायच्या आत आपण वाजवावा, हे तिचंच शिक्षण होतं.

आता गंमत बघा. डॉक्टर सांगायचे, हिला गर्दीपासून, खोकल्या-शिंकांपासून लांब ठेवा. आणि तेच डॉक्टर तपासायला दर महिन्याला बोलवायचे कुठे, तर मुलांच्या विभागातल्या त्या लांबट खोलीत, जिथे अख्ख्या शहराची वाहती नाकं एकत्र जमलेली असायची. किडनीवाले, छातीवाले, पोटवाले, सगळ्यांना एकच खोली. बाकांच्या रांगा पाठीला पाठ लावून मांडलेल्या, म्हणजे समोरचा शिंकला नाही तर मागचा शिंकणार. खिडक्या रंगाने चिकटून कायमच्या बंद झालेल्या. कोपऱ्यात एक लाकडी घोडा होता. येणारं प्रत्येक मूल त्याचा कान चाटून जायचं. क्लचबाई त्या घोड्याकडे, दुसऱ्याने चार वेळा ठोकलेल्या गाडीकडे बघावं, तशी बघायची.

तिने सगळे उपाय करून पाहिले. फुगीला मास्क लावला. बाक पुसायला फडकं आणि औषधी पाणी घरून आणलं. दाराजवळची, वाऱ्याची जागा पकडायला ती पहाटेपासून रांगेत उभी राहू लागली. तरी कुणीतरी येऊन चिकटून बसायचंच. बसून तोंडावर हात न ठेवता खोकायचं, आणि फुगीचे गाल पाहून म्हणायचं, किती गुटगुटीत आहे हो, हिला काय झालंय? आणि गाल ओढायचं. त्याच हाताने, ज्या हाताने आत्ताच नातवाचं नाक पुसलं होतं. क्लचबाईने आधी विनंती केली, मग डोळे वटारले, मग तोंडाचा पट्टा सोडला. लोक म्हणाले, एवढं आहे तर घरी बसा. दोनदा तिथून आणलेल्या सर्दीने फुगीचं दुखणं उलटलं. दुसऱ्या वेळी ती इतकी सुजली, की पायातले मोजे काढल्यावरही मोज्यांचे वळ दिवसभर तसेच होते.

या सगळ्यात फुगीला मात्र ती खोली आवडायची. कारण तिथे दातपडकी यायची. पुढचे दोन दात पडलेली ती मुलगी फुगीच्याच वयाची होती, तिच्याच दुखण्याची होती, आणि तिची औषधं तर फुगीपेक्षा जहाल होती. तिची आई चष्म्याच्या दुकानात काम करायची, म्हणून क्लचबाईच्या तोंडी ती चष्मेवाली. दोन्ही आया एकमेकींकडे बघून फक्त मान हलवायच्या. पोरींचं मात्र मेतकूट जमलं होतं. कुणाच्या लघवी तपासायच्या पट्टीला सकाळी कुठला रंग आला, यावर त्या मिटक्या मारत गप्पा मारायच्या. शाळेत असल्या गप्पा कुणाशी मारणार? शाळेत तर फुगीला वर्षातले निम्मे दिवस पाठवतच नव्हते.

एका सकाळी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. साथ चालू होती. डावीकडे एक आजोबा फुप्फुस बाहेर येईल असे खोकत होते, उजवीकडे एक बाळ त्यांना साथ देत होतं. फुगीच्या पलीकडे दातपडकी. क्लचबाईचं डोकं सटकलं. आजोबा जरा सरकायला तयार नाहीत म्हटल्यावर ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बसा, खुशाल बसा. हिला कांजिण्या निघतायत. अजून अंगावर दिसत नाहीत, एवढंच."

बाक असा रिकामा झाला, की क्लचबाईला वाटलं, हे आपल्याला आधी का सुचलं नाही. आजोबांचा खोकलासुद्धा थांबला. मागची रांग उठली, बाळाची आई तर दुपट्यासकट जिन्यापर्यंत पोचली. क्लचबाईने पाय पसरले. त्या धांदलीत चष्मेवालीने दातपडकीला काखोटीला मारलं आणि ती डॉक्टरांच्या खोलीकडे पळाली, हे तिने पाहिलं, पण मनावर घेतलं नाही. फुगी मात्र आईकडे नुसती बघत राहिली.

थोड्या वेळाने मोठ्या सिस्टर आल्या. या विभागाचं सगळं चालायचं ते त्यांच्या भुवयांवर. त्यांनी एकही प्रश्न न विचारता फुगीचा हात धरला आणि दोघींना बोळाच्या टोकाला नेलं. नियमच होता, अंगावर काही उठत असेल ते मूल वेगळ्या खोलीत. त्यांनी दार उघडलं. आत खाटेवर एक मुलगा बसला होता आणि त्याच्या अंगावर कपाळापासून पोटापर्यंत खऱ्याखुऱ्या, पाण्याने भरलेल्या कांजिण्या होत्या.

जन्मात एवढ्या जोरात क्लचबाईने ब्रेक दाबला नव्हता. तिने फुगीला मागे ओढलं ते थेट भिंतीवर नेऊन आपटलं. "हिला काही नाही झालेलं," ती म्हणाली. "मी खोटं बोलले. दार लावा."

मोठ्या सिस्टरांनी दार लावलं. त्यांच्या भुवया जिथे गेल्या, तिथे क्लचबाईने कुणाच्याही भुवया गेलेल्या पाहिल्या नव्हत्या. तेवढ्यात बोळाच्या दुसऱ्या टोकाकडून एका मुलीची किंकाळी ऐकू आली आणि मग लांबलचक रडणं.

डॉक्टर आवाज चढवणाऱ्यांतले नव्हते, आणि त्या दिवशी त्यांनी चढवला असता तर बरं झालं असतं, असं क्लचबाई पुढे सांगायची. त्यांनी सांगितलं, की दारातून परत फिरलात म्हणून हिला आज काही द्यावं लागत नाही, नुसतं लक्ष ठेवा. पण या औषधांवरच्या मुलांना कांजिण्या जिवावर बेततात. म्हणूनच मघाशी एक आई रडत आत आली, तिची मुलगी कांजिण्यांच्या मुलीला खेटून बसली होती म्हणाली, आणि त्या मुलीला मांडीत मोठं इंजेक्शन दिलं. फार दुखतं ते. आता देऊन झालं.

क्लचबाईला खुर्ची सापडेना. समोर होती, तरी सापडेना.

परत जाताना गाडीत फुगी मागे बसली, पुढे यायला तयार झाली नाही. मागूनच ती म्हणाली, "तुझ्यामुळे तिला टोचलं. आणि आता तिला वाटतंय की मीच तिला आजार द्यायला बसले होते." सिग्नल हिरवा होऊन मागचे हॉर्न वाजायला लागले, तरी क्लचबाईला गिअर टाकायचं सुचलं नाही. नवऱ्याला सांगितलं, तर त्याने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हटलं, की त्या बाईच्या जागी तू असतीस तर खोटं बोलणारीला जिन्यावरून ढकललं असतंस. गादीत कधी कधी सुई राहून जाते, तसा तो होता.

पुढच्या महिन्याच्या तपासणीआधी क्लचबाई एकटीच दवाखान्यात गेली आणि मोठ्या सिस्टरांसमोर उभी राहिली. मागणं साधं होतं. आम्ही खाली गाडीत थांबतो, नंबर आला की फोन करा, आम्ही मागच्या जिन्याने थेट डॉक्टरांकडे येतो. तिने बरीच भाषणं तयार करून नेली होती. सिस्टरांनी पहिल्याच वाक्याला होकार दिला. "तुम्ही आत नसलेल्याच बऱ्या," त्या म्हणाल्या. एवढी सोपी गोष्ट इतके महिने कुणी का केली नाही, हा प्रश्न क्लचबाईच्या जिभेवर आला होता, पण त्या दिवसांत ती जिभेला जरा धाकात ठेवून होती.

चष्मेवालीची माफी मागायला मात्र कुठला मागचा जिना नव्हता. क्लचबाईने तिला औषधांच्या खिडकीशी गाठलं आणि जे झालं ते एका दमात सांगून टाकलं. चष्मेवालीने पिशवीत औषधं भरली, गाठ मारली, मग मान वर केली.

"ती दोन दिवस लंगडत होती," ती म्हणाली. "आणि ते खोटं होतं असं सिस्टर म्हणाल्या, तरी भरवसा न वाटून मी तीन आठवडे रोज सकाळी तिचं अंग उजेडात धरून पुरळ शोधत होते. तुमची माफी तुमच्याजवळच ठेवा."

आणि ती निघून गेली. क्लचबाईला तिचा राग आला नाही, याचंच तिला नवल वाटलं.

त्यानंतर दर महिन्याला ड्रायव्हिंग स्कूलची गाडी दवाखान्याच्या आवारात, झाडाखाली, काचा अर्ध्या उघड्या ठेवून उभी असायची. आत फुगी चित्रं रंगवायची आणि दातपडकी आपल्या आईचा हात धरून फाटकातून आत जाताना दिसली, की काचेला नाक लावायची. दातपडकी हात हलवायची. चष्मेवाली सरळ बघत चालायची.

मग थंडीत पुन्हा साथ आली. त्या सकाळी चष्मेवाली फाटकातून आत गेली आणि लगेच बाहेर आली. पायरीवर उभी राहिली. खोलीतला खोकला आवारापर्यंत ऐकू येत होता. शेवटी ती झाडाखाली आली आणि तिने काचेवर टकटक केलं.

"तुमच्या मुलीला सर्दी?" तिने विचारलं.

"नाही," क्लचबाई म्हणाली.

"घरात कुणाला?"

"नाही."

"तुमचं खरं आहे हे मी कसं ओळखायचं?"

हा प्रश्न रास्त होता. उत्तर मागच्या सीटवरून आलं. "मला विचारा ना, काकू," फुगी म्हणाली. "ते खोटं मी नव्हतं सांगितलं."

चष्मेवालीने तिचा घसा पाहिला. अगदी मोबाईलचा दिवा लावून पाहिला. मग दातपडकीला मागे बसवलं आणि स्वतः शिकाऊ माणसाच्या जागेवर, म्हणजे स्टिअरिंगसमोर बसली, कारण क्लचबाई सवयीने शेजारच्या सीटवर सरकून बसली होती आणि तीच जागा मोकळी होती. आया समोरच्या काचेतून झाडाकडे बघत बसल्या. मागच्या सीटवर मात्र एवढा कलकलाट चालला होता, की सिस्टरांचा फोन वाजलेला कुणाला ऐकूच आला नाही आणि त्यांना स्वतः खाली यावं लागलं.

तसे बरेच महिने गेले. बोलणं हळूहळू सुरू झालं. आधी औषधांवरून, मग नवऱ्यांवरून, आणि नवऱ्यांवर आल्यावर काय, ते थांबतंय थोडंच. पण खरी परीक्षा झाली ती नंतर. एका तपासणीच्या सकाळी फुगी उठली ती घशात टोचतंय म्हणत. ताप नव्हता, शिंक नव्हती. मास्क लावला असता तर कुणाला कळलंही नसतं. आदल्या रात्रीच फुगीने मैत्रिणीसाठी कागदाचं घर बनवून ठेवलं होतं. क्लचबाई फोन हातात घेऊन बराच वेळ स्वयंपाकघरात उभी राहिली. मग तिने चष्मेवालीला सांगितलं, "आज आमच्या गाडीपाशी येऊ नका. हिचा घसा बरा नाही."

फुगी त्या दिवशी आईशी भांडली, रडली, कागदाचं घर तिने तुडवून टाकलं. संध्याकाळी तिला ताप आला आणि आठवड्याच्या आत सूज. तिला दाखल करावं लागलं. दातपडकीला मात्र काही झालं नाही. चष्मेवाली रोज संध्याकाळी दुकान सुटल्यावर दवाखान्याच्या खाली यायची, वर यायची नाही, आणि खालून फोन करून विचारायची, आज वजन किती उतरलं. पाण्याचं वजन म्हणजे. ते उतरत गेलं. फुगीचे डोळे उघडले, आणि उघडल्या उघडल्या तिने आईला विचारलं, की दातपडकीचे नवे दात आले का.

पुढच्या वर्षी विभागात वेगळ्या वेळा आल्या. किडनीवाल्यांना सकाळी, खोकलेवाल्यांना दुपारी. मोठ्या सिस्टर म्हणायच्या, वरून आदेश आला. क्लचबाई म्हणायची, तुमच्या भुवयांवरून आला असेल. फुगीचं औषध वाढत्या वयाबरोबर कमी होत गेलं आणि नंतर बंद झालं. दातपडकीला जास्त वेळ लागला, अजूनही अधूनमधून पट्टी रंग बदलते. पण आता तिची आई तिला स्वतः गाडी चालवत आणते. शिकवलं अर्थातच क्लचबाईने. परीक्षेच्या दिवशी चष्मेवालीने दवाखान्याच्या फाटकाएवढ्या रुंद जागेतून गाडी मागे घेताना खांबाला घासली, तरी परीक्षकाने तिला पास केलं. क्लचबाई त्या परीक्षकावर आजतागायत नाराज आहे.