चुलत्याची बाग

धारेची कुठलीही वस्तू हातात आली की तो आधी तिच्यावरून अंगठा फिरवायचा. अडकित्ता असो, विळी असो, नाहीतर आमच्या नाटकातली पत्र्याची तलवार. मग मान हलवून म्हणायचा, "तोडल्याबिगर मरत नाई मी." पत्र्याच्या तलवारीनं काय तुटणार, असं तुम्ही म्हणाल. पण त्याचे डोळे पाहून तसं विचारायची कुणाची छाती होत नसे.

अमरावतीच्या एका कापसाच्या जिनिंगात तो फिटर आणि मी कारकून. साठ सालाच्या आगेमागे आमची हौशी मंडळी गणपतीत दरवर्षी एकच जुनी शोकांतिका करायची. बापाला मारून गादीवर बसलेला चुलता, आणि सूड घ्यायला निघून ऐनवेळी मागे सरणारा राजपुत्र. राजपुत्र तो, चुलता मी. शेवटच्या अंकात तो मला असा हाणायचा की पुढं कितीतरी दिवस माझा खांदा वर होत नसे.

"माफ करजा, भाऊ," तो म्हणायचा, "मले तिथं तुमी दिसतच नाई."

दिसायचा तो त्याचा सख्खा चुलता. वरूडकडच्या त्यांच्या गावी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडण झालं आणि बाप बाजाराला गेलेला पाहून त्या माणसानं याच्या बापाची फळावर आलेली संत्र्याची बाग कापून टाकली. बापानं अंथरूण धरलं, ते सोडलंच नाही. तेव्हापासून चुलत्याची बाग तशीच तोडायची, हा याचा पण. माझंही रक्त ते ऐकून उकळायचं.

दरवर्षी तो कुऱ्हाडीला धार लावून गावी जायचा.

"काय रे, तोडली काय?"

"झाडं फुलावर होती, भाऊ. फुलावरच्या झाडाले कुऱ्हाड कशी लावू?"

पुढच्या खेपेला फळं लटकत होती. मी म्हटलं, मग हिवाळ्यात जा, बाग ताणावर असते, पाणी बंद, फूल नाही, फळ नाही. गेला आणि तसाच परत आला.

"पानं पार मलूल झाली होती. तहानलेल्याले मारू काय?"

मी भडकलोच. "बाप तुहा मेला का माहा?"

त्याचा अंगठा तेवढा धारेवरून फिरला.

मग एकदा तो गावी पोचला तर चुलता त्याच सकाळी अंथरुणात शांतपणे मेलेला. सरणाला लाकूड कमी पडत होतं. याच्या हातातली कुऱ्हाड पाहून म्हातारे म्हणाले, "पुतन्या हायस ना? जाय, बागेतली वाळकी झाडं तोडून आन."

"तोडली, भाऊ," परत आल्यावर तो सांगत होता. "माह्या हातानं तोडली अन् त्याच्याच सरनावर रचली. सुखानं मेला हरामखोर! अन् माही धार त्याच्याच कामी आली!"

त्या वर्षी शेवटच्या अंकात त्यानं तलवार उगारली. मी खांदा आवळून उभा राहिलो. वार येईचना. विंगेतून प्रॉम्प्टर कुजबुजत होता, "मार, मार!"

"पडा, भाऊ," तो हळूच म्हणाला. "आता कोनाले मारू?"

मी आपला आपणच पडलो. टाळ्या नेहमीसारख्याच पडल्या.

पुढं तो जिनिंग सोडून अकोल्याकडे गेला, तो पुन्हा दिसला नाही. जाताना कुऱ्हाड माझ्या ओसरीवर ठेवून गेला. येता-जाता मी तिच्यावरून अंगठा फिरवतो. पार बोथट झाली आहे.