मालकाच्या नावापुढे माझा अंगठा

मला सही येत होती. तरी माझा अंगठा घेतला.

शाळेच्या पडवीत टेबल होतं. टेबलावर लांबट वही, वहीमागे शाळेचे मास्तर. मी पडवीच्या खाली, अंगणात उभी. मास्तरांनी यादीतलं सातवं नाव वाचलं. ते आमच्या जमीनमालकाचं होतं, बापाच्या नावासकट, आडनावासकट. पडवीतून कोणी ओ दिली नाही. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं.

"अगं, हजर म्हण."

मी म्हणाले, "हजर."

पडवीत सतरंजीवर बसलेले शेतकरी हसले. एक जण म्हणाला, "मालक आज लुगडं नेसून आलं!" मग जे हसले नव्हते तेही हसले.

मी टाक मागितला. म्हणाले, "सही करते. चौथी पास हाय मी."

"नाव मालकांचं आणि सही तुझी? ती कशी चालेल?" मास्तर म्हणाले. "अंगठा दे. अंगठ्यावर नाव लिहिलेलं नसतं."

त्यांनी वही पडवीच्या कडेला सरकवली. मी अंगठा टेकला. माझा दुसरा हात कागदाला लागेल या भीतीने त्यांनी वही लगेच ओढली. शाई पसरली. मालकाच्या नावापुढे एक काळा डाग उठला. तो मी होते.

शिमगा नुकताच झाला होता. शाळेच्या दारावर कापडी फलक लावला होता: वसंत शेतकरी शिक्षण शिबिर. पाच दिवसांचं. शेतकी खात्याचे एक तरुण साहेब त्यासाठी आले होते. भातशेतीची जपानी पद्धत ते शिकवणार होते. पाचही दिवस हजर राहणाऱ्याला सुधारलेलं बियाणं आणि एक प्रमाणपत्र मिळणार होतं.

आमचं गाव बदलापुराहून चामटोलीकडे जाताना लागतं. आमची वस्ती गावाबाहेर, ओढ्यापलीकडे. मालकाची भाताची तीन खाचरं आम्ही कसतो. सासरे कसत होते, त्यांच्या आधी त्यांचे वडील. नांगर आमचा, बैल आमचे, लावणी आमची, कापणी आमची. निम्मं भात मालकाच्या घरी पोचवायचं, हा रिवाज. मालकाने त्या खाचरांत पाय ठेवलेला मी लग्न होऊन आल्यापासून एकदाच पाहिला. तो हरवलेली म्हैस शोधायला आला होता.

मालक शिबिराला का आला नाही? त्याला वेळ नव्हता. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये त्याची गवताची वखार होती. कॅम्पात सिंधी लोकांची वस्ती वाढत होती, म्हशींचे तबेले वाढत होते, गवताला गिऱ्हाईक होतं. तो सकाळी वखारीत जायचा आणि दिवे लागल्यावर परत यायचा. त्याने नाव दिलं आणि मला धाडलं. म्हणाला, "तू शिकलेली हायस. बस तिथं. काय सांगतात ते ध्यानात ठेव. मागाहून मना सांग."

मी आनंदाने गेले. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. मला शिकायचं होतं. चौथीनंतर मला कोणी काही शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बियाण्याची पारख होती. साहेबांनी घमेल्यात पाणी घेतलं, मीठ विरघळवलं, आणि अंडं मागितलं. अंडं तरंगलं की पाणी तयार. पडवीतल्या कोणाकडे अंडं नव्हतं. मी घरी पळत गेले आणि कोंबडीखालचं अंडं आणलं. ते तरंगलं. साहेबांनी भात ओतलं. भरीव दाणा तळाला गेला, पोचट वर आला.

"हे पोचट काढून टाकायचं," साहेब म्हणाले. "कोण काढतं?"

कोणी उठलं नाही. हे काम बायकांचं, असं त्यांच्या तोंडावर लिहिलं होतं. घमेलं पडवीच्या कडेलाच होतं. मी हात घातला आणि पोचट दाणा ओंजळीने वर काढला.

मालकाचा धाकटा भाऊ बियाणं घेऊन आला होता. तो उठला आणि घमेल्याला लाथ मारली. पाणी माझ्या अंगावर आलं. भात मातीत पसरलं.

"घरचं बेणं हाय ते! बाटवलंस? उचल आता. येक येक दाणा उचल."

मी उचलला. अंगणात बसून, कोंबड्यांना हाकलत, दाणा दाणा. पडवीतून सगळे बघत होते. साहेब चष्मा पुसत होते. पुसून झाल्यावर म्हणाले, "बाकीचं आपण उद्या पाहू."

हिशेब साधा आहे. ते भात मी लावलं होतं. मीच कापलं, मीच झोडलं, माझ्याच डोक्यावरून मालकाच्या कणगीत गेलं. त्यांच्या घरात रोज तेच शिजतं. तिथे ते बाटत नाही. पाण्यात पडल्यावर माझ्या हाताने बाटलं.

तिसऱ्या दिवशी साहेब राबावर बोलले. आमच्याकडे रोपं टाकायच्या जागेवर उन्हाळ्यात शेण, पाला, फांद्या पसरतात, वर माती टाकतात आणि भाजतात. त्याला राब म्हणतात. साहेब म्हणाले, ही अडाणी पद्धत आहे. शेण जळतं, झाडं तोडली जातात. त्यापेक्षा उंच गादीवाफा करा, खत घाला.

पडवीने माना डोलावल्या. त्यांतल्या निम्म्यांनी आयुष्यात राब भाजला नव्हता.

मी खालून विचारलं, "साहेब, राब निस्ता खतासाठी नाय भाजत. भाजल्यावर तणाचं बी मरतं. गादीवाफ्यावर तण उगवलं तर रोप कोणतं आणि तण कोणतं, वळखायचं कसं? लहानपणी दोनी सारखीच दिसतात."

"आरं, ही तर साहेबालाच शिकवाया लागली," कोणीतरी म्हणालं.

साहेब हसले नाहीत. त्यांनी वही ओढली. "प्रश्न चांगला आहे. लिहून ठेवतो. मास्तर, नाव काय?"

मास्तरांनी मालकाचं नाव सांगितलं. साहेबांनी ते लिहिलं.

त्या दिवशी अंगठा द्यायला वाकले तेव्हा मी वहीचा मथळा वाचला. आधीचे दोन दिवस शाईकडे बघत होते. वर ठळक अक्षरांत छापलं होतं: स्वतः जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यांची हजेरी.

मी पुन्हा वाचलं. अंगठा टेकून झाला होता.

त्या दिवसांत गावोगाव कूळकायद्याची चर्चा होती. जमीन कसणाऱ्याच्या नावावर होणार, असं लोक बोलत. मालकाने ती स्वतः कसली असेल तर मात्र त्याचीच राहणार. आमचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. मालकाच्या नावावर आता सरकारी वही होती. तो स्वतः कसतो, असं ती वही म्हणत होती. पुरावा मी देत होते. रोज एक.

नवरा अंबरनाथला कारखान्यात कामाला आहे. संध्याकाळी सायकलवरून आला. मी त्याला सगळं सांगितलं. तो ओट्यावर बसून पाय धूत होता.

"तुला सही येते ना?" त्याने विचारलं.

"येते."

"मग अंगठा कशाला दिलास?"

त्याने तांब्या उपडा केला. म्हणाला, "मी यंत्रावर माझ्या नावाचा बिल्ला लावून उभा राहतो. तिथं मुकादम शिव्या देतो, पण माझ्या नावाने देतो."

चौथ्या दिवशी मी पुन्हा अंगठा दिला. भीती होती. ती लपवून उपयोग नाही. त्या दिवशी दोरी लावून ओळीत रोपं कशी लावायची ते साहेबांनी कोरड्या मातीत काड्या रोवून दाखवलं. पडवीत चार माणसं उरली होती. बाकीची कामाला गेली होती. त्यांच्याही जागी अंगणात बायका उभ्या होत्या, माझ्यासारख्याच. मास्तर नावं वाचत होते आणि बायका पुरुषांच्या नावाने हजर म्हणत होत्या. आता कोणी हसत नव्हतं. सवय झाली होती. हे मला जास्त लागलं.

पाचव्या दिवशी समारंभ. अंगणात मांडव, आंब्याचे डहाळे, खुर्च्या. जिल्ह्याहून मोठे साहेब आले, बरोबर फोटोवाला. सकाळची हजेरी झाली नव्हती; मास्तर म्हणाले, बक्षिसाच्या वेळी एकदमच घेऊ. मालक आला. इस्त्रीचा कोट, डोक्यावर टोपी. त्याच्याबरोबर कॅम्पातला एक सिंधी व्यापारी होता, वखारीतला त्याचा भागीदार. त्याला आपला सन्मान दाखवायला आणला होता. आम्ही बायका मांडवाबाहेर, उन्हात.

मोठे साहेब बोलायला उभे राहिले. म्हणाले, "शेतकरी जागा झाला आहे. या शिबिरात एका शेतकऱ्याने राब आणि तण यांविषयी असा प्रश्न विचारला, की आमच्या खात्यालाही विचार करावा लागेल. असे अभ्यासू शेतकरी स्वतः जमीन कसतात, म्हणून देश पुढे जाईल."

त्यांनी मालकाचं नाव घेतलं. टाळ्या झाल्या. मालक उठला, नमस्कार केला. प्रश्न काय होता हे त्याला माहीत नव्हतं. त्याने मला विचारलंच नव्हतं.

मास्तरांनी वही उघडली. नाव वाचलं.

मी मांडवात शिरले. म्हणाले, "गैरहजर."

मास्तर म्हणाले, "अगं, ते इथे उभे आहेत."

"आज हायत. चार दिवस नव्हते. चार दिवस मी होते." मग मी माझं नाव सांगितलं. पूर्ण. नवऱ्याचं, सासऱ्याचं, त्यांच्या बापाचं नाव सांगितलं. तीन खाचरं सांगितली. म्हणाले, "साहेब, वही बघा. मालक शिकलेले हायत. त्यांना सही येते. त्यांच्या नावापुढं चार अंगठे कोणाचे?"

मालक पांढरा पडला, मग लाल झाला. म्हणाला, "मजूर बाई हाय. डोकं फिरलंय. मी सोता बसलो होतो इथं."

तेवढ्यात सिंधी व्यापारी मोठ्याने म्हणाला, "अरे भाऊ, क्या बोलता है? चार दिन तो तुम वखार में मेरे साथ बैठा था! ये क्लास कब किया?"

तो चेष्टेने बोलला. त्याला कशातलं काही माहीत नव्हतं. बाहेर उन्हात उभ्या बायका हसल्या. पहिल्यांदा हसणारं तोंड आमचं होतं.

मोठ्या साहेबांनी वही मागवली. पान बघितलं. मग वही मिटली आणि मास्तरांना म्हणाले, "कार्यक्रम पुढे चालू द्या."

प्रमाणपत्र दिलं गेलं. बियाण्याची पिशवी दिली गेली. फोटो निघाला. फोटोत मालक मध्ये आहे.

शेतकीचे तरुण साहेब जीपमध्ये बसायच्या आधी मी त्यांना गाठलं. म्हणाले, "तुम्ही चार दिवस मला बघितलंत. तेवढं लिहून द्या."

ते म्हणाले, "बाई, माझी नोकरी आहे."

"आणि माझी शेती हाय."

ते जीपमध्ये बसले. वाईट माणूस नव्हता. त्याला सगळं दिसलं होतं. म्हणून त्याला मी माफ करत नाही. लाथ मारणाऱ्याचा राग एका दिवसाचा असतो. बघून चष्मा पुसणाऱ्याचा मला अजून येतो.

चार दिवसांनी मालकाचा भाऊ आमच्या वस्तीत आला. ओढ्यापलीकडे तो याआधी कधी आला नव्हता. हातात लिहिलेला कागद. आमच्या दारासमोर उभा राहून म्हणाला, "भाऊ दयाळू हायत. यंदाही जमीन कसा. ह्याच्यावर अंगठा दे."

मी कागद घेतला आणि मोठ्याने वाचला. सगळी वस्ती ऐकत होती. आम्ही मालकाकडे रोजाने मजुरी करतो, जमिनीवर आमचा हक्क नाही, पूर्वीही नव्हता, असं लिहिलं होतं.

"वाचायला कोणी सांगितलं?" तो म्हणाला. "आण इकडं."

मी कागद दिला नाही. घडी घालून चोळीत ठेवला. माझी म्हातारी चुलत सासू दारात बसली होती. ती म्हणाली, "धाकले मालक, हात घालून काढा की. का बाटाल?"

तो गेला.

दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याबरोबर कल्याणला मामलेदार कचेरीत गेले. अर्ज स्वतः लिहिला. आमची वहिवाट लिहिली, शिबिराची वही मागवून बघावी असं लिहिलं, मालकाच्या भावाने आणलेला कागद जोडला. कारकुनाने अर्ज घेतला. निकाल कधी लागेल, ते त्याने सांगितलं नाही.

आता वैशाख चालू आहे. आमच्या वस्तीतल्या नऊ बायकांनी मालकाच्या घरच्या शेतात मजुरीला जायचं बंद केलं आहे. त्याने बाहेरगावचे मजूर आणायची धमकी दिली आहे. आमच्या खाचरांत तो परवा स्वतः येऊन गेला. बांधावर उभा राहून म्हणाला, "मिरगाला माझे बैल उतरतील इथं."

मी राब भाजत होते. उठले नाही.

अर्ज मंजूर होईल, असं मला कोणी सांगितलेलं नाही. तशी आशा धरून मी बसलेली नाही. मृग लागला की पहाटे मी तिन्ही खाचरांच्या मध्ये उभी असेन. नवऱ्याने कारखान्यात रजा टाकली आहे. नऊजणी बांधावर असतील. मालकाने बैल आणले तर ते आमच्या अंगावरून न्यावे लागतील. पोलीस आणले तर त्यांनी आम्हाला उचलून न्यावं. सुटल्यावर आम्ही परत तिथेच येऊ.